शकारापासून शिनपाचीपर्यंत : माळव्यातील आणि जपानमधील असंगत विनोद

असंगत विनोद म्हणजे तर्काची एक कडी मुद्दाम तोडून उरलेल्या सगळ्या कड्या चोख जुळवत नेणारा विनोद. गाढव मरते आणि राज्यात दुखवटा जाहीर होतो. शाळेचे मुख्याध्यापक पटांगणात हरणाशी कुस्ती धरतात. मेलेला माणूस उठून स्वतःच्याच मरणावर कीर्तन लावतो. या तिन्ही प्रसंगांत पहिले पाऊल विपरीत किंवा अशक्य आहे. त्यापुढचे प्रत्येक पाऊल मात्र रीतसर पडते. पहिला प्रसंग उज्जैनला जन्मलेल्या आणि इंदूरला शिकलेल्या शरद जोशी यांच्या हिंदी नाटकातला आहे. दुसरा केइइची आरावी यांच्या ‘निचिजोऊ’ या जपानी मालिकेतला आणि तिसरा सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ या मराठी नाटकातला.

जपानी ॲनिमे मालिकांमुळे हा विनोद नव्या पिढीला ओळखीचा झाला, त्यामुळे तो बाहेरून आला असा समज होतो. इंदूर आणि त्याच्या भोवतीचा माळवा यांचा इतिहास वेगळे सांगतो. या भूमीवर असंगत विनोदाचे किमान तीन प्रवाह एकत्र आले : उज्जयिनीची संस्कृत-प्राकृत नाट्यपरंपरा, माळवी लोकनाट्य माच आणि होळकरांबरोबर नर्मदेपलीकडे आलेली मराठी करमणूक. या तिन्ही प्रवाहांत, आणि समुद्रापलीकडच्या ओसाका शहरातही, हा विनोद एकाच खांबावर उभा दिसतो. तो खांब म्हणजे दोघांची जोडी : एक भलतेच बोलणारा आणि दुसरा त्याला टोकणारा.

उज्जयिनीचा शकार

इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर असलेली उज्जयिनी हे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे स्थळ आहे. त्यातला शकार हा राजाचा मेव्हणा. अधिकार मोठा आणि अक्कल तोकडी, अशा या माणसाला विद्वत्ता मिरवण्याची भारी हौस. वसंतसेनेचा पाठलाग करताना तो रामायण आणि महाभारत यांची सरमिसळ करतो, रावणाच्या ताब्यात कुंतीला देऊन टाकतो आणि आपण फार मोठा दाखला दिला अशा थाटात पुढे बोलत राहतो. त्याच्या तोंडी ‘स’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘श’ येतो. त्याचे नावही त्या उच्चाराशी जोडले जाते.

शकाराबरोबर विट असतो. विट शहाणा, रसिक आणि शकाराच्या आश्रयाला राहिल्यामुळे अडचणीत सापडलेला. शकार बरळतो आणि विट त्याला सावरतो, समजावतो, कधी चिडतो. शकाराचा मूर्खपणा प्रेक्षकाला पूर्ण दिसतो तो विटामुळे. विट नसता तर शकाराचे बोलणे नुसता गोंधळ वाटले असते. पुढे शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो, तेव्हा हाच मूर्खपणा भीतिदायक होतो. सत्तेच्या हाती असलेला अतर्क किती घातक ठरतो हे शूद्रकाने दाखवून ठेवले. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाटक ‘संगीत मृच्छकटिक’ या रूपात मराठी रंगभूमीवर आणले, आणि उज्जयिनीचा शकार मराठी बोलू लागला.

सोंगाड्या आणि शेरमारखाँ

महाराष्ट्रात हीच जोडी तमाशात घडली. गण आणि गवळण झाली की वग सुरू होण्याआधी बतावणी येते. सोंगाड्या आणि सरदार समोरासमोर उभे राहतात आणि बोलण्यातून बोलणे वाढवतात. बतावणीची लेखी संहिता सहसा नसे. ती फडात ऐकून, पाहून आणि रोजच्या प्रेक्षकाचा अंदाज घेऊन तयार होई. तिची धाटणी साधारण अशी असते : सोंगाड्या छाती काढून सांगतो, “आमच्या बापाचं लगीन लई धुमधडाक्यात झालं. वरातीत म्होरं मीच नाचत व्हतो.” सरदार विचारतो, “बापाच्या लग्नात तू कुठनं आलास रं?” सोंगाड्या म्हणतो, “म्हंजे? घरचं कार्य, अन् मी नको?” सरदाराचा प्रश्न अगदी बरोबर असतो आणि सोंगाड्याचे उत्तरही व्यवहारात बरोबर असते. घरच्या कार्याला घरच्यांनी हजर राहायचेच. फक्त ज्या लग्नातून हे घर उभे राहिले, ते हेच लग्न आहे एवढी गोष्ट त्याच्या हिशेबातून सुटलेली असते. हसू येते ते या दोन बरोबर गोष्टींच्या टकरीतून.

गवळणीत पेंद्या आणि पुरुषाने वठवलेली मावशी हेच काम करतात. कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे ‘जहरी प्याला’ या वगातल्या भूमिकांमुळे काळू-बाळू या नावाने महाराष्ट्रभर ओळखले गेले. तिथे जोडीतल्या दोघांची तोंडेही सारखीच होती. दादा इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभार उभा केला. शापामुळे गाढव झालेल्या गंधर्वाचे राजकन्येशी लग्न लागते, आणि गावगाड्याचे सगळे मानपान त्या गाढवापुढे रीतसर पार पडतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यात, ज्याच्या जिवावर राजवाड्याची राखण आहे त्याच कोतवालाला राजाचा छपरी पलंग पळवण्याच्या नादी लावले जाते.

माळव्याच्या माचात या जागी शेरमारखाँ असतो. माच म्हणजे मंच. उंच बांधलेल्या माचावर रात्रभर चालणारे हे गेय नाट्य उज्जैनच्या परिसरात वाढले. गुरू बालमुकुंद आणि नंतरच्या काळात सिद्धेश्वर सेन ही त्यातली मान्यवर नावे. खेळ सुरू होण्याआधी पखाल घेऊन भिश्ती येतो, जागा शिंपडण्याचा अभिनय करतो, मग फर्राशीण सतरंज्या अंथरण्याचा अभिनय करते. प्रत्यक्षात पाणीही नसते आणि सतरंजीही नसते. शेरमारखाँ हा नायकाचा सोबती. नाव वाघ मारणाऱ्याचे आणि काम हसवण्याचे. नायक धीरोदात्त बोलत असताना हा मधेच व्यवहारातली क्षुल्लक गोष्ट काढतो आणि कथेचा डोलारा क्षणभर हलवतो.

होळकरांचे इंदूर

अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या बरोबर शिपाई, कारकून, भिक्षुक आणि शाहीर माळव्यात आले. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य केले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी याची एक आख्यायिका याच दरबाराशी जोडलेली आहे. तमाशात रमलेल्या फंदीला अहिल्याबाईंनी समजावले आणि तो कीर्तनाकडे वळला, असे परंपरा सांगते. तमाशाची बतावणी आणि कीर्तनाचा उत्तररंग या दोन्हींत प्रेक्षकाला हसवून मुद्द्यावर आणण्याचे कसब एकच, त्यामुळे हा बदल वाटतो तेवढा दूरचा नाही. दोनशे वर्षांनी आळेकरांनी १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये याच कीर्तनाचा साचा वापरला. त्यातले भाऊराव मेलेले आहेत आणि आपल्याला जुन्या स्मशानातच जाळावे असा त्यांचा हट्ट आहे. चाळकरी या हट्टाची सोय कशी लावायची या विवंचनेत पडतात. प्रेत बोलते कसे, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

मराठी नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांत इंदूर हे महत्त्वाचे ठाणे होते. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने राम गणेश गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ गाजवले. १९२९ मध्ये इंदूरला जन्मलेल्या त्यांच्या मुलीचे लता हे नाव त्याच नाटकातल्या लतिकेवरून पडले. गडकऱ्यांच्या विनोदात असंगतीचा वाटा मोठा आहे. ‘प्रेमसंन्यास’मधला विसरभोळा गोकुळ सगळे विसरतो आणि विसरू नये म्हणून केलेल्या उपायांनी आणखी गोत्यात येतो. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधले आर्य मदिरा मंडळ सभासंमेलनाच्या सगळ्या रीती पाळून दारूचा पुरस्कार करते. त्याआधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९०२ पासून लिहिलेल्या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट उभे करून मराठी गद्याला या वाटेवर आणले होते. बडोद्याला पालीचे प्राध्यापक असलेल्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी दिली. चिमणराव भित्रे आणि कल्पक, गुंड्याभाऊ आडदांड आणि सरळ. एकाच्या कल्पनेचा दुसऱ्याच्या हातून विचका होतो.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये भरले. १९३५ च्या संमेलनाचे अध्यक्ष औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी होते, ज्यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३३ मध्ये, आचार्य अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले होते. एका घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक वेड लागलेले आहे आणि घरच्या कर्त्याचे वेड सूर्यनमस्काराचे आहे, अशी त्याची रचना आहे. व्यायामाची चांगली गोष्ट सर्व दुखण्यांवर एकच औषध म्हणून वापरली की तिचे प्रहसन होते, हे त्या नाटकाने दाखवले. पुढे बाबा डिके यांच्या नाट्यभारतीने इंदुरात मराठी आणि हिंदी अशी दोन्ही भाषांतली नाटके केली, आणि सानंद न्यासाने महाराष्ट्रातली नाटके इंदूरकरांपर्यंत आणण्याचा नेम पाळला.

वेडेपणाचा ठरलेला दिवस

रंगमंचाबाहेर इंदूरच्या असंगत विनोदाला पंचांगात जागा आहे. उत्तरेत होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळून सण संपतो. इंदुरात मराठी वळणाने फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी, हा खरा दिवस. त्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीला गेर म्हणतात. टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर अशा ठिकाणच्या मंडळांच्या गेरी राजवाड्यासमोरून जातात. मोठमोठ्या यंत्रांतून गुलाल आणि रंगीत पाणी इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडते. होळकरांच्या काळी राजघराण्यातली माणसे या दिवशी प्रजेबरोबर रंग खेळत, असे सांगितले जाते.

रंगपंचमीच्या आदल्या रात्री मल्हारगंज भागात बजरबट्टू संमेलन भरते. हिंद मालवा ही संस्था ते भरवते. शहरातले राजकारणी आणि प्रतिष्ठित नागरिक चित्रविचित्र वेष करून मिरवणुकीत सामील होतात आणि मग हास्यकवींची मैफल रंगते. बजरबट्टू म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलाच्या गळ्यात बांधायचे काळे बी. सोंगाला हे नाव देण्यात दृष्ट काढण्याचा भाव आपोआप येतो. उज्जैनला १ एप्रिल रोजी टेपा संमेलन होते. विनोदी लेखक डॉ. शिव शर्मा यांनी ते सुरू केले. माळवीत टेपा म्हणजे भोळाभाबडा, अडाणी माणूस. त्या दिवशी मोठमोठी माणसे हे बिरूद मानाने स्वीकारतात. महाराष्ट्रात याच जातीची प्रथा बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील विडा गावी आहे. तिथे धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावातून मिरवतात आणि मग मानाचा आहेर करतात.

या सगळ्या प्रथांत एक शिस्त आहे. उलटेपणा त्या दिवसापुरता असतो, त्याची जागा आणि वाट ठरलेली असते, आणि ज्याची थट्टा करायची त्याला शेवटी मान द्यायचा असतो. दिवस मावळला की जावई पुन्हा जावई होतो आणि पुढारी पुन्हा पुढारी.

खांडवा, इंदूर, उज्जैन : तीन विनोदकार

विसाव्या शतकात या परिसराने देशाला तीन मोठे विनोदकार दिले. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर, हे इंदूरचे. मुंबईत बस कंडक्टरचे काम करताना ते चित्रपटांत आले आणि १९५१ च्या ‘बाजी’ पासून प्रसिद्धी पावले. स्वतः दारूला न शिवणाऱ्या या नटाने दारुड्याची भूमिका अजरामर केली. त्यांचा दारुडा तोल जाऊ नये म्हणून जिवापाड धडपडतो, आणि त्या धडपडीनेच हसवतो.

किशोरकुमार यांचा जन्म १९२९ मध्ये खांडव्याचा आणि शिक्षण इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजातले. कॉलेजच्या उपाहारगृहात त्यांची पाच रुपये बारा आण्यांची उधारी राहिली आणि तोच आकडा १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’मधल्या गाण्यात आला, ही गोष्ट इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात. १९६२ चा ‘हाफ टिकट’ हा त्यांच्या असंगत विनोदाचा उत्तम नमुना आहे. रेल्वेचे पूर्ण तिकीट परवडत नाही म्हणून एक वाढलेला तरुण अर्ध्या चड्डीत लहान मूल बनून अर्धे तिकीट काढतो, आणि बहुतेक लोक त्याला लहान मूल मानतात. हिऱ्यांचा तस्कर झालेला प्राण त्याच्या खिशात हिरा दडवतो आणि मग सगळा चित्रपटभर त्याच्या मागे धावतो. एका गाण्यात स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज किशोरकुमारांचेच आहेत. पडद्यावर ते स्त्रीवेषात आहेत आणि पुरुषाचे शब्द प्राणच्या ओठांवर आहेत. शरीर, वय आणि आवाज यांची एवढी सरमिसळ त्या काळच्या हिंदी चित्रपटात दुर्मीळ होती. ती पाहताना रेखाटलेल्या व्यंगचित्राची आठवण होते.

शरद जोशी (१९३१–१९९१) यांनी इंदूरच्या ‘नई दुनिया’मध्ये ‘परिक्रमा’ हे सदर लिहिले आणि तिथून त्यांचे व्यंगलेखन देशभर गेले. त्यांच्या ‘एक था गधा उर्फ अलादाद खाँ’ या नाटकात धोब्याचे अलादाद नावाचे गाढव मरते. नवाबाला वाटते की कोणी प्रजाजन गेला. लोकप्रियता मिळवण्याची ही संधी आहे असे समजून तो स्वतः खांदा देण्याची घोषणा करतो. खरी गोष्ट उघडी पडते तोवर घोषणा मागे घेणे अशक्य झालेले असते. मग एकच तोड उरते : अलादाद नावाचा माणूस शोधायचा आणि त्याला मारायचा, म्हणजे अंत्ययात्रा वेळेवर निघेल. गाढवापासून खुनापर्यंतची प्रत्येक पायरी दरबाराच्या हिशेबाने बरोबर आहे. इथे विट नाही, सरदार नाही. टोकणाऱ्याची जागा प्रेक्षकाला स्वतः घ्यावी लागते, आणि म्हणून शेवटी हसू थांबते.

ओसाकाची जोडी

जपानमध्ये मांझाई नावाची कला आधी नववर्षाच्या शुभेच्छांची होती. मध्ययुगापासून दोघे कलावंत दारोदार जात. त्यातला एक, तायू, आशीर्वादाचे शब्द म्हणे. दुसरा, साइझो, ढोलके वाजवून त्याला हसरी साथ देई. महाराष्ट्रात पहाटे दान मागत येणारा वासुदेव किंवा बहुरूपी आठवावा, अशी ही रीत. शहरे वाढली तशी मांझाई ओसाकाच्या रंगमंचावर आली. १९१२ मध्ये सुरू झालेल्या योशिमोतो या संस्थेने तिचा व्यवसाय उभा केला. १९३० मध्ये योकोयामा एन्तात्सु आणि हानाबिशी आचाको यांची जोडी जमली. त्यांनी ढोलके आणि गाणे बाजूला ठेवले, सुटाबुटात उभे राहून नुसत्या गप्पांचा प्रकार रूढ केला, आणि आजच्या मांझाईचे रूप ठरले.

या जोडीतल्या भलतेच बोलणाऱ्याला बोके म्हणतात आणि टोकणाऱ्याला त्सुक्कोमी. बोके म्हणजे बहकलेला. त्सुक्कोमी म्हणजे मधे घुसून वार करणारा. कधी तो जोडीदाराच्या डोक्यावर टपली मारतो. सोंगाड्या आणि सरदार यांची कामे नेमकी हीच आहेत. फरक प्रतिष्ठेचा आहे : जपानमध्ये टोकणाऱ्याच्या कामाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र कसब आणि स्वतंत्र कीर्ती मिळाली, तमाशात कौतुक बहुतेक सोंगाड्याच्या वाट्याला आले.

युद्धानंतर ही जोडी मांगामध्ये, म्हणजे चित्रकथांमध्ये गेली. फुजिओ आकात्सुका यांनी १९६२ मध्ये ‘ओसोमात्सु-कुन’ आणि १९६७ मध्ये ‘तेन्साई बाकाबोन’ सुरू करून निव्वळ गमतीची चित्रकथा लोकप्रिय केली. अकिरा तोरियामा यांच्या ‘डॉ. स्लम्प’ या १९८० च्या चित्रकथेतली यंत्रकन्या अराले एका ठोशात पृथ्वी फोडते आणि गाव आपले काम करत राहते. चार चौकटींच्या चित्रकथेची रीतही या विनोदाला पोषक ठरली : पहिल्या चौकटीत सुरुवात, दुसरीत वाढ, तिसरीत अनपेक्षित वळण आणि चौथीत शेवट. कियोहिको अझुमा यांच्या ‘अझुमांगा दाइओ’ (ॲनिमे २००२) या शाळकरी मुलींच्या मालिकेचे मूळ याच चार चौकटींत आहे.

भारतीय घरांत या विनोदाची पहिली मोठी ओळख योशितो उसुई यांच्या ‘शिन-चॅन’ने करून दिली. १९९२ पासून जपानमध्ये चाललेली ही मालिका २००६ मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदीत आली. मोठ्यांची गुपिते चारचौघांत फोडणारा पाच वर्षांचा मुलगा पाहून पालक धास्तावले. २००८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि काटछाट होऊन ती परतली. त्यातली आई मिसाए ही या घरातली टोकणारी.

टोकण्याच्या चार तऱ्हा

विनोदी ॲनिमे मालिकांची तुलना करायची तर वेडेपणाचे प्रमाण मोजून फारसे हाती लागत नाही. टोकणाऱ्याचे काय केले आहे, हे पाहिले की प्रत्येक मालिकेचा स्वभाव उलगडतो.

पहिली तऱ्हा मोठ्याने टोकण्याची. हिदेआकी सोराची यांच्या ‘गिंतामा’ मालिकेत (ॲनिमे २००६ पासून) परग्रहवासीयांनी जुने एदो शहर ताब्यात घेतले आहे, आणि तलवारीवर बंदी आल्यामुळे सामुराई किरकोळ कामे करून पोट भरतात. गिंतोकी आणि कागुरा वाटेल ते बोलतात, आणि चष्मेवाला शिनपाची दर वेळी आरडाओरडा करून चूक दाखवतो. मालिका त्याच्यावरही उलटते : खरा शिनपाची म्हणजे त्याचा चष्मा, बाकीचा देह चष्म्याची खुंटी, अशी थट्टा पुनःपुन्हा होते. योशिओ सावाई यांच्या ‘बोबोबो-बो बो-बोबो’मध्ये (ॲनिमे २००३) नायक नाकातल्या केसांनी लढतो; तिथे ब्यूटी नावाची मुलगी प्रेक्षकाच्या वतीने किंचाळत राहते. तमाशातला सरदार या दोघांचा जवळचा नातेवाईक.

दुसरी तऱ्हा टोकणे दाबून ठेवण्याची. एइजी नोनाका यांच्या ‘क्रोमार्टी हायस्कूल’मध्ये (ॲनिमे २००३) गुंडांच्या शाळेतला मेकाझावा हा विद्यार्थी उघडउघड यंत्रमानव आहे, पिंपाएवढा गोल, धातूचा. बहुतेक कोणालाच ते जाणवत नाही. वर्गात गोरिलाही आहे. सगळे गंभीरपणे मैत्री, इभ्रत आणि शिक्षण यांवर बोलतात. ज्याला शंका येते, तो सभ्यतेपोटी गप्प बसतो. शरद जोशींचा नवाबी दरबार याच तऱ्हेचा. तिथे गप्प बसण्याचे कारण भीती आहे, इथे संकोच.

तिसरी तऱ्हा नजरेने टोकण्याची. क्योतो ॲनिमेशनने २०११ मध्ये २६ भागांत केलेल्या ‘निचिजोऊ’चे नाव म्हणजे रोजचे जगणे. युको नावाच्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर आभाळातून लाकडी बाहुली पडते, मग लाल बैलाचे खेळणे, मग खारवलेला सामन मासा. मुख्याध्यापक आणि हरीण यांची झुंज ती वर्गाच्या खिडकीतून पाहते. झुंज एखाद्या युद्धपटाच्या तोलामोलाने रेखाटलेली आहे : पवित्रा, पकड, घाम, आणि शेवटी हरणाला कमरेत धरून मागे आपटण्याचा डाव. युको शब्दही बोलत नाही. तिचे विस्फारलेले डोळे आणि लांबलेली शांतता हेच टोकणे. जपानी रंगकलेत दोन उद्गारांमधल्या अशा विरामाला मोठे मोल आहे, आणि कीर्तनकार मुद्दा टाकून चिपळ्या थांबवतो तेव्हा तो हेच मोल ओळखत असतो.

चौथी तऱ्हा टोकणारा काढूनच टाकण्याची. बुकुबु ओकावा यांच्या चित्रकथेवरील ‘पॉप टीम एपिक’मध्ये (ॲनिमे २०१८) पोपुको आणि पिपिमी या दोघींपैकी कोणीही शुद्धीवर नाही. भागाचा पहिला अर्धा संपला की तोच भाग दुसऱ्या कलावंतांच्या आवाजात पुन्हा दाखवला जातो. गेरीच्या गर्दीत जसा बाहेर उभा राहून पाहणारा कोणी उरत नाही, तशी ही मालिका प्रेक्षकालाही रंगात ओढते.

साम्य आणि भेद

माळवा-महाराष्ट्र आणि जपान या दोन्हींकडे हा विनोद सणवारातून निघाला, दारोदार फिरला, मंचावर चढला आणि तिथून छापील पानावर व पडद्यावर गेला. दोन्हींकडे त्याचा मूळ आधार जोडी आहे. दोन्हींकडे जनावर हा त्याचा लाडका विषय आहे : इकडे गाढव, तिकडे हरीण, गोरिला आणि बोलकी मांजरे.

भेद तीन ठिकाणी दिसतात. पहिला भेद साधनाचा. सोंगाड्याकडे शब्द होते, त्यामुळे मराठी आणि माळवी विनोद बोलण्यात फुलला; ॲनिमेकडे रेषा होती, त्यामुळे तिथे शरीर आणि वस्तू वाट्टेल तसे वागू शकल्या. दुसरा भेद लक्ष्याचा. शकार, कोतवाल, नवाब, सरकारी घोषणा अशी सत्तेची ठिकाणे माळव्याच्या विनोदाने पुनःपुन्हा धरली. जपानी मालिकांचे घर बहुधा शाळा, वर्ग आणि कंटाळवाणी दुपार हे आहे. तिसरा भेद जतनाचा. जपानमध्ये मांझाईला कायमची रंगगृहे, कंपन्या आणि २००१ पासून दूरचित्रवाणीवरची एम-१ ही मोठी स्पर्धा मिळाली. चित्रकथा तर छापूनच येत होत्या. बतावणी आणि शेरमारखाँची बोली तोंडातोंडी जगली आणि गाणाऱ्या-बोलणाऱ्यांबरोबर बरीचशी गेली.

म्हणून या परंपरेचे आजचे खरे काम नोंदीचे आहे. माचाचे उस्ताद, तमाशातले जुने सरदार आणि बजरबट्टूच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे सोंगे घेणारे इंदूरकर यांच्या आठवणी आणि त्यांचे बोल त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित व्हायला हवेत. त्यातही सरदाराकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. सोंगाड्याचे किस्से लोकांच्या तोंडी आहेत; त्याला नेमक्या क्षणी टोकणाऱ्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत, आणि असंगत विनोदाचा अर्धा भार त्यांनीच पेलला आहे.